दार लावणाऱ्याचा सन्मान

खूप मागे जा. आपल्या पणजोबांना ज्यांनी गोष्टी सांगितल्या, त्यांच्याही मागे. तेव्हा डोंगराळ मुलखात एक राज्य होते. त्या राज्यात शिरायला एकच खिंड होती, खिंडीच्या माथ्यावर एक गड होता, आणि गडाला एकच मोठे दार होते. त्या दारावर सुभानजी नावाचा शिपाई पहाऱ्याला असे.

एका वर्षी ऐन सुगीत शत्रू खिंडीत आला. पायथ्याच्या गावातली माणसे पोरेबाळे, शेळ्या, हाताला लागेल ते घेऊन गडावर चढू लागली. त्यांना चढायला वेळ मिळावा म्हणून गडावरचे काही शिपाई खाली उतरले आणि वाट अडवून उभे राहिले. त्यांचा म्होरक्या होता केरोबा. केरोबा आणि सुभानजी एकाच आळीत वाढले होते, एकाच दिवशी चाकरीला लागले होते.

गावकरी सगळे आत आले. मग केरोबाची माणसे लढत लढत मागे सरू लागली. शत्रू त्यांना इतका खेटून होता, की आपला कोण आणि परका कोण हे वरून ओळखू येईना. केरोबाची माणसे आत आली असती, तर त्यांच्यासोबत शत्रूही आत आला असता.

सुभानजीने पाहिले. त्याने दार लावले आणि अडसर घातला.

थोड्याच वेळात बाहेरून दार वाजले. केरोबाने त्याला नावाने हाक मारली. सुभानजी दाराला पाठ लावून उभा राहिला. मग हाका थांबल्या आणि ओंडक्याचे तडाखे सुरू झाले. दाराच्या एका फटीतून भाला आत आला आणि त्याच्या खांद्यात रुतला. तरी तो जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी राजाची फौज आली, शत्रू पळाला आणि गड वाचला.

आत अख्खे गाव होते. ते सगळे जगले. बाहेर राहिलेल्यांपैकी एकही जगला नाही.

सुभानजीचा तो हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. त्याला चाकरी सोडावी लागली. तो पायथ्याच्या गावात येऊन राहिला आणि गावाची गुरे राखू लागला. गाव त्याला मान देई. जेवणावळीत पहिले पान त्याचे असे. पण त्या दाराविषयी त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. ज्यांची माणसे बाहेर राहिली होती, ती घरेही त्याच गावात होती. तीही बोलत नसत. कुणी तोंडावर शिवी दिली असती, तर त्याला एक वेळ बरे वाटले असते.

एक खोड मात्र त्याला लागली होती. घराचे दार तो कधी लावू देत नसे. शेळ्या आत येत, वाळत घातलेल्या डाळीत तोंड घालत. त्याची बायको राही त्यांना हुसकून लावी, पण दार लावायला जात नसे.

अशी काही वर्षे गेली. मग एके दिवशी राजाचा स्वार गावात आला. त्याने चावडीपुढे उभे राहून सांगितले, की राज्यात आता शांतता आहे, जुन्या लढायांतल्या शूरांचा सन्मान करायचे राजाने ठरवले आहे, आणि पहिले सोन्याचे कडे सुभानजीला मिळणार आहे. पौर्णिमेला दरबार भरणार होता. सगळ्या गावाला त्याचे आमंत्रण होते.

गावाने ढोल आणले. राहीने त्याचा जुना अंगरखा धुऊन, दगड ठेवून वाळत घातला. बायका तिच्याभोवती जमल्या, आणि ती कधी हसे, कधी डोळे पुशी.

सुभानजीलाही आनंद झाला. हे लपवून गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. त्याचा बाप गुराखी होता, आजा गुराखी होता. त्यांच्या घराण्याचे नाव कधी कोणत्या दरबारात कुणी घेतले नव्हते. गुरांमागे चालताना त्याने आपले मनगट उन्हात धरून पाहिले. तिथे सोने कसे दिसेल याचा तो विचार करत राहिला. मग त्याला आठवले, की अडसर घातला तो याच हाताने. त्याने हात खाली घेतला आणि उगाचच एका गाईला काठी मारली. त्या गाईने काही केले नव्हते.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठे. गुरे एका कुरणात सोडी आणि तिथून लगेच दुसऱ्या कुरणात हाकी. गुरेही कंटाळली. सकाळी तो राहीला म्हणे, मी जाणार नाही, आजारी आहे म्हणून सांग. दुपारी विचारी, अंगरखा वाळला का. संध्याकाळी पुन्हा म्हणे, नकोच ते.

राहीने काही दिवस ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "घ्यायचं नसेल तर नका घेऊ. मला सोन्याची हौस नाही. पण एकदा काय ते ठरवा. तुम्ही असे फिरता आणि सगळं घर तुमच्यामागे फिरतं."

त्याला ते ठरवता येईना.

दरबाराला थोडे दिवस राहिले असताना राजाचा भाट गावात आला. सुभानजीवर त्याने गाणे रचले होते, आणि दरबारात म्हणण्याआधी ते त्याला ऐकवायचे होते. भाट वयाने मोठा होता, आवाज गोड होता. अंगणात बसून त्याने गाणे म्हटले. त्यात खिंड होती, शत्रूचे लोंढे होते, सुभानजीची छाती होती. आणि मधे एक ओळ होती:

*केरोबा पडला, साथी पडले, मग मिटले गडाचे दार.*

सुभानजीने त्याला थांबवले. तो म्हणाला, की हे उलटे झाले आहे. दार आधी मिटले. ते पडले नंतर.

भाटाने डफ खाली ठेवला. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याने शांतपणे सांगितले, की खरे काय ते त्याला ठाऊक आहे. गडावरच्या जुन्या लोकांना विचारूनच त्याने गाणे रचले होते.

"पण दरबारात त्यांच्या बायका येतील," तो म्हणाला. "म्हातारे आईबाप येतील. त्यांना काय ऐकवू? त्यांचा माणूस आपल्याच दाराशी हाका मारत गेला, हे? की लढता लढता पडला, हे? चार शब्द मागेपुढे केले, तर किती जणांच्या जिवाला गारवा मिळतो बघा. तुमच्याही."

भाट दुष्टपणे बोलला असता, तर सुभानजीला उत्तर देणे सोपे गेले असते. तो मायेने बोलला होता.

भाट गेला आणि गाणे मागे राहिले. चाल सोपी होती. गुरांमागे चालताना ती सुभानजीच्या ओठांवर येई. केरोबा पडला, साथी पडले. तो गुणगुणत राही, आणि तेवढा वेळ त्याला वाटे, असेच तर झाले होते. कुणी हाक मारलीच नव्हती. अंग हलके होई. मग तो दचकून जागच्या जागी थांबे. लढाईत त्याला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी या हलकेपणाची वाटू लागली.

शेवटी तो साळूकडे गेला.

साळू म्हणजे केरोबाची बायको. नवरा गेल्यावर तिने बाजाराच्या टोकाला भट्टी घातली होती. तापलेल्या वाळूत ती लाह्या फोडी, फुटाणे भाजी, आणि त्यावर तिची दोन मुले वाढत होती. सुभानजी तिच्या भट्टीवरून कधी जात नसे. गुरांना पाण्यावर न्यायला तो लांबची वाट धरी.

त्या दिवशी तो भट्टीपुढे उभा राहिला आणि त्याने लाह्या मागितल्या. साळूने दिल्या. त्या घेऊन तो घरी आला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला आणि पुन्हा लाह्या घेऊन आला. तिसऱ्या खेपेला राहीने विचारले, की या आता ठेवायच्या कशात. तरी तो पुन्हा गेला.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हते. साळूने चाळणी बाजूला ठेवली.

"भावजी, एवढ्या लाह्या तुमच्याकडे कोण खातं?" ती म्हणाली. "जे विचारायला येता ते विचारा."

सुभानजी खाली बसला. त्याने कड्याचे सांगितले, ते तिला ठाऊकच होते. मग त्याने गाण्यातली ती ओळ सांगितली, आणि भाट काय म्हणाला तेही. बोलताना त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

साळूने कढईतली वाळू एकदा हलवली. मग म्हणाली, "मी दारापासून लांब नव्हते, भावजी. त्यांचा आवाज मी ओळखला."

सुभानजीने मान वर केली. त्या दिवशी बायका वर पाण्याच्या टाक्यापाशी होत्या, असेच तो इतकी वर्षे समजत होता.

"धाकटी कडेवर होती," साळू म्हणाली. "मी तिचे कान झाकले. दार उघडा, म्हणून ओरडायला तोंड उघडलं, आणि मागे पाहिलं. सगळ्या गावची पोरं तिथे उभी होती. त्यात माझा थोरला होता. मी तोंड मिटून घेतलं. तुम्ही अडसर घातलात, मी तोंड मिटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

भट्टीतला जाळ उगाच धुमसत होता. दोघांपैकी कुणीही तो सारखा केला नाही.

"वहिनी, मला माफ..." सुभानजी बोलू लागला.

"ते मागू नका. माझ्याजवळ नाही ते. तुम्ही चुकलात असंही मला म्हणता येत नाही, माझी पोरं समोर खेळताहेत. पण ते गाणं त्यांना ऐकवू नका. त्यांचा बाप दारापर्यंत आला होता. घरी यायला निघाला होता तो. एवढं त्यांना कळू दे."

"आणि कडं? ते घेऊ का मी?"

साळूने पुन्हा चाळणी हातात घेतली. "ते तुमचं तुम्ही बघा. घेतलंत तर मला राग येईल. नाही घेतलंत तरी येईल."

सुभानजी उठला. त्या दिवशी तो लाह्या न घेता घरी गेला. त्याचे मन शांत झाले नव्हते. उलट आता ते दोघांच्या वाट्याचे दुखत होते. पण एक गोष्ट पक्की झाली होती, आणि तिच्याभोवती तो आता पाय रोवून उभा राहू शकत होता.

पौर्णिमेला दरबार भरला. सिंहासनाजवळ सरदार बसले होते, मागे सगळे गाव दाटीवाटीने उभे होते. साळू आपल्या मुलांना घेऊन एका खांबापाशी उभी होती. राजापुढे तबकात कडे ठेवले होते.

भाट गाऊ लागला. खिंड आली, लोंढे आले, लोक माना डोलावू लागले. मग ती ओळ आली. भाट ती म्हणू लागला, आणि सुभानजीने आपला चांगला हात वर केला.

"महाराज, ही ओळ खरी नाही," तो म्हणाला.

भाट गायचा थांबला. राजासमोर गाणे मधेच अडवण्याची रीत नव्हती. एक सरदार उठू लागला, पण राजाने त्याला खुणेने बसवले आणि सुभानजीला बोलायला सांगितले.

सुभानजीने थोडक्यात सांगितले. दार लावले तेव्हा केरोबा आणि त्याची माणसे जिवंत होती. ती दारापर्यंत आली होती. त्यांनी दार वाजवले, त्याला हाका मारल्या. त्याने त्या ऐकल्या आणि दार उघडले नाही. साळूने काय केले, ते मात्र त्याने सांगितले नाही. ते तिचे होते.

गर्दीत कुणीतरी रडू लागले. राजाने ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

"आज तसाच प्रसंग आला, तर काय करशील?" त्याने विचारले.

"दार लावीन, महाराज. आणि पुढे जन्मभर असाच अस्वस्थ राहीन."

"मग हे कडं तुला हवं आहे की नको?"

सुभानजीने तबकाकडे पाहिले. "हवंही आहे आणि नकोही आहे," तो म्हणाला. "दोन्ही खरं आहे. तुम्ही दिलंत तर घेईन. पण गाणं खरं करून द्या."

राजाने तबकातले कडे हातात घेतले. मग जणू स्वतःशीच बोलावे तसा म्हणाला, की दार उघडे ठेवले असते तर गड गेला असता, आणि दार लावले तर माणसे गेली. तिसरे काही करता आले असते का, असे त्याने सुभानजीला विचारले. सुभानजीने सांगितले, की दार एकच होते. एकच दार असले, की ते एक तर उघडता येते, नाही तर लावता येते.

"भाटाचं गाणं असंच राहिलं असतं, तर मला हे कधी कळलंच नसतं," राजा म्हणाला. "मेलेली माणसं दार वाजवत नाहीत. मी समजलो असतो, की गडाच्या दारात काही खोट नाही."

त्याने स्वतः उठून सुभानजीच्या मनगटात कडे घातले. टाळ्या वाजल्या, पण सगळ्यांनी वाजवल्या नाहीत. बाहेर राहिलेल्या एका शिपायाचा म्हातारा बाप तिथूनच तडक निघून गेला. तो शेवटपर्यंत सुभानजीशी बोलला नाही. भाटाने ओळ बदलून गाणे पुन्हा म्हटले. साळूच्या मुलांनी ती खांबापाशी उभे राहून ऐकली. थोरल्याने आईला काहीतरी विचारले, आणि ती त्याला घेऊन बाहेर गेली.

सुभानजीला स्वस्थता आली का? नाही. काही दिवस तो कडे घाली, काही दिवस ते धान्याच्या कणगीत टाकून देई. राहीने त्याविषयी विचारणे सोडून दिले. पण ती जुनी चाल पुन्हा कधी त्याच्या ओठांवर आली नाही. गुरांना पाण्यावर नेताना तो आता जवळच्या वाटेने, भट्टीवरून जाई. साळू कधी मान हलवी, कधी हलवत नसे.

राजाने मात्र वेळ घालवला नाही. पाऊस उघडताच गवंडी गडावर गेले. सुभानजीला त्यांनी बोलावून घेतले. केरोबाची माणसे कुठवर आली होती आणि शत्रू किती जवळ होता, ते त्याने एकेक पाऊल टाकून त्यांना दाखवले. मग गवंड्यांनी मोठ्या दाराच्या आत एक चौक बांधला. त्याच्या तिन्ही बाजूंना उंच तट होता. चौकाच्या शेवटी दुसरे दार होते, आणि त्या दारात एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढी छोटी दिंडी, म्हणजे दारातलेच लहान दार, होती.

पुष्कळ वर्षांनी शत्रू पुन्हा खिंडीत आला. सुभानजी तेव्हा थकला होता, आणि गावकऱ्यांनी त्याला धरून गडावर नेले होते. पुन्हा काही शिपाई वाट अडवायला खाली उतरले. पुन्हा ते लढत लढत मागे सरले, आणि शत्रू तसाच त्यांना खेटून आला. पण या वेळी मोठे दार उघडेच होते. आपली माणसे चौकात शिरली आणि एकेक करून, ओळख पटवून दिंडीतून आत आली. त्यांच्यामागून शत्रूही शिरला, पण तोवर दिंडी लागली होती आणि त्याला पुढे वाट नव्हती. तटावरून दगड आणि बाण बरसू लागले, तसा तो आला त्या वाटेने पळाला.

त्या दिवशी दारावर असलेल्या शिपायाला कुणी कडे दिले नाही. त्या लढाईचे गाणेही कुणी रचले नाही. गाण्यासारखे काही घडलेच नव्हते. खाली उतरलेली सगळी माणसे संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला बसली होती.

म्हणून लक्षात ठेवावे: आपल्या पराक्रमाची किंमत दुसऱ्या कुणी मोजली असेल, तर मान घेताना ती झाकू नये; ती उघड सांगितली, तरच पुढच्यांना ती पुन्हा मोजावी लागत नाही.